अनोळखी गायक, गाणे एक

टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. आपल्याला मात्र सगळंच दिसतं, असा त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा समज होता. ताई गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायला बसल्या, तसे भावोजी खुर्ची ओढून मध्ये घुसले. "तुम्हाला कुठे जमणार, ताई? सरका."

दुपारभर त्यांनी माउस बडवला. जाताना म्हणाले, "चाळीस सीडी उरकल्या. डब्यांवरच्या त्या चिकट पट्ट्याही सोलून टाकल्या, घाण दिसत होत्या."

त्या ब्रेल अक्षरांच्या पट्ट्या होत्या. पण पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार? त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज म्हणाला, "अनोळखी गायक, गाणे एक." प्रत्येक सीडीचं तेच.

"वा रे डोळस!" म्हणत ताईंनी ते सगळं पुसून टाकलं. मग एकेक सीडी घालायची, सूर ऐकून गाणं ओळखायचं आणि नाव टाइप करायचं. चाळीस सीडींना आठवडा लागला.

रविवारी भावोजी पुन्हा हजर. "बघा, मी सुरुवात करून दिली म्हणून झालं!"

ताईंनी त्या आवाजाचा वेग तिप्पट केला.

"काय बडबडतोय हा? एक शब्द कळेल तर शपथ!"

"कामाचं बोलतोय," ताई म्हणाल्या, "म्हणून कळत नसेल तुम्हाला." आणि त्यांनी एक्केचाळिसावी सीडी उचलली.