आज कोण म्हणे?

सोनीची दुपारची झोप जवळ आली की तेजलचं लक्ष जिन्याकडे जायचं. पोरगी तिसऱ्या वर्षात होती, दूध तुटलं होतं, अंगठा सुटला होता, पण एक गाणं काही सुटत नव्हतं. ते म्हटल्याशिवाय ती डोळा मिटायची नाही. आणि नेमका त्याच गाण्याचा बाप कोण, हे पोलीस शोधत होते.

गाणं सोनीच्या बापाचं, संतोषचं. सोनीला दात येत होते तेव्हा तो तिला खांद्यावर टाकून गॅलरीत फेऱ्या मारायचा आणि तोंडाला येईल ते गुणगुणायचा. कॅम्प पाच या वस्तीतल्या त्यांच्या चाळीत भिंतींना कान असण्याचा प्रश्नच नव्हता, भिंतीच नावापुरत्या होत्या. सगळ्या मजल्याला तो पाळणा पाठ झाला.

पुढे अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका कंपनीनं ठेक्यावरची माणसं एका फटक्यात काढली. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे ज्यानं त्यानं आपली पोळी भाजून घेतली. बंद झाला, दगड उडाले, बदलापूर-अंबरनाथपासून इकडे कॅम्पांपर्यंत जमावबंदी लागली, मोबाईलचं नेट बंद झालं. संतोष तिथेच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला होता. काढलेल्यांत तो ज्या बँजो पार्टीत गायचा तिथली पोरंही होती. तो तोंडाला रुमाल बांधून गेटवर त्यांच्यात जाऊन बसला आणि लेकीचा पाळणा जरा फिरवून म्हणाला:

नीज गं बाई, नीज गं,
गावाला जाग आली,
निजवलं ज्यांनी इतकी वरसं
त्यांची झोप उडाली.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. नेट सुरू झालं तसं गाणं निघालं ते थेट वांगणीच्या पलीकडच्या पाड्यांवर जाऊन पोचलं. नशीब एवढंच, की म्हणता म्हणता पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, शूट करणाऱ्यानं मोबाईल खिशात कोंबला, आणि शेवटचं कडवं लोकांपर्यंत गेलंच नाही. गेलं असतं तर शोधाशोध करायची गरजच उरली नसती.

कारण संतोषचे आजोबा कोकणात जाखडीच्या नाचाला गाणी बांधायचे. तिथली रीत अशी, की शेवटच्या कडव्यात बांधणाऱ्याचं नाव यायलाच हवं. संतोषनंही ते घातलं होतं:

संतू म्हणे गं, नाव नको पुसू,
ज्याच्या गळ्यात त्याचं गाणं.
आज माझं आहे, उद्या तुझं होवो,
एवढंच माझं मागणं.

"म्हणजे तोंडाला रुमाल बांधलास आणि गाण्यात नाव सांगितलंस," तेजल म्हणाली होती. "वर म्हणतोस, नाव नको पुसू. अख्ख्या तालुक्यात शहाणा तू एकटाच."

"सवयीनं आलं गं. बिननावाचं गाणं म्हणजे बिनबापाचं पोर. असं कसं सोडायचं रस्त्यावर?"

"आणि खरं पोर बिनबापाचं झालं तर?"

त्यावर त्यानं सोनीचं पांघरूण सारखं केलं. नाव मात्र गाण्यातून काढलं नाही.

मग भीमाला पोलिसांचं बोलावणं आलं. भीमा पार्टीचा ढोलकीवाला. सकाळी गेला तो संध्याकाळी परतला, मोबाईल तिकडेच ठेवून. कुणी बोट लावलं नाही म्हणाला. चहा पाजला. फक्त पुन्हा पुन्हा एकच विचारलं, पुढचं कडवं काय. भीमानं नाही सांगितलं, पण तेव्हापासून त्यानं ढोलकीला हात लावला नाही, आणि कॅम्प दोनच्या बाजारात तेजल समोर आली तेव्हा भलत्याच दुकानात शिरला. साड्यांच्या.

त्या दिवसापासून तेजलनं बघायला सुरुवात केली. चाळीसमोरच्या पानटपरीवर कोण उभं राहतं, पान न खाता किती वेळ राहतं. कोणाचे कपडे साधे असून बूट काळे आहेत. जिन्यावरचं पाऊल कुठल्या मजल्याला थांबतं. भाजी आणायला जाताना ती मोबाईल घरी ठेवू लागली, मग वाटलं, घरी ठेवला तर घरातलं ऐकतील, म्हणून पिठाच्या डब्यात ठेवू लागली. संतोष हसला. "पिठाला काय कळणार आहे?" खालच्या शिलाई कारखान्याचा सिंधी मालक एकदा तिला जिन्यात थांबवून हळूच म्हणाला, "भाभी, कोई पूछ रहा था आपके मिस्टर का. मैंने बोला, साईं, फॅमिलीवाले लोग हैं." तिनं मान हलवली, आणि तीन पायऱ्या चढून झाल्यावर मागे वळून पाहिलं. तोच सांगत असेल तर?

पण सगळ्यात मोठी भीती घरातच होती, गादीवर, फ्रॉक वर करून पाय नाचवत. सोनीला चारही कडवी येत होती, फिरवलेल्या शब्दांसकट. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी पोरगी उठून बसायची. "मम्मी, चुकलं."

पहिल्यांदा तेजलनं नाव बदलून पाहिलं तेव्हा तेच झालं. "काऊ म्हणे गं, नाव नको पुसू."

"चुकलं. संतू म्हणे."

"आज काऊ म्हणतोय. संतूचा घसा बसलाय."

सोनीनं यावर बराच विचार केला. "मग उद्या?"

"उद्या चिऊ."

आणि खेळ लागला. एक दिवस काऊ, एक दिवस पाल, एक दिवस शेजारच्या इंदुबाई. कडवं आलं की सोनीच थांबवून विचारायची, "आज कोण म्हणे?" तेजल दर दुपारी एक नाव तिच्या हातात द्यायची आणि मनातल्या मनात दुसरं एक नाव जरा पुसायची. संतोषनं एका रविवारी ते ऐकलं. दारातच उभा राहिला. "पाल म्हणे?" एवढंच बोलला. ती त्याच्याकडे न बघता पोरीला थोपटत राहिली.

तो माणूस आला तेव्हा दुपार होती. संतोष कामावर. इंदुबाई गॅलरीत जीन्सचा ढीग घेऊन धागे कापत बसलेल्या. खालच्या कारखान्याचं काम त्या घरी करायच्या. जिन्यावरचं पाऊल वर आलं, थांबलं, आणि त्यांचा आवाज आला, "कोण पाहिजे?"

"संतोषभाऊ इथंच राहतात ना?"

माणूस पन्नाशीचा, साधा शर्ट, हातात डब्याची पिशवी. बूट काळे.

"या वहिनी का? मी दौलतराव. पोलीस ठाण्यातून आलोय, गोपनीय शाखेला असतो. घाबरू नका, चौकशी नाही, नुसती माहिती. गाण्याबजावण्यातल्या सगळ्यांकडेच जातोय. पाणी मिळेल?"

तिनं पाणी दिलं. पेला दोन्ही हातांनी धरला, आणि मग वाटलं, असा दोन्ही हातांनी कोण धरतं.

"मिस्टर गातात ना?"

"गणपतीत आरत्या म्हणतात."

"आरत्या तर आमचे साहेबही म्हणतात," दौलतराव म्हणाले. "एक ऐकवू का? सांगा, आवाज ओळखीचा वाटतोय का."

त्यांनी मोबाईल काढला. गेटवरचा गोंगाट आला, ढोलकी आली, आणि रुमालाआडून संतोषचा आवाज. तेजलनं चेहरा दगडाचा केला. हा प्रसंग तिनं मनात कितीदा घोळवला होता. नाही ओळखत म्हणायचं, एकदाच म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. सगळं तयार होतं. तेवढ्यात आतून अनवाणी पायांचा धपधप आवाज आला.

"माझं गाणं," सोनी म्हणाली.

गॅलरीतली कात्री थांबली.

"तुझं?" दौलतराव खाली वाकले. "येतं तुला?"

"आता सगळ्याच पोरांना येतंय," तेजल घाईनं म्हणाली. "मोबाईलवर ऐकून ऐकून."

"असेल की. आमच्या नातवालाही येतं. पण मोबाईलवर तीनच कडवी आहेत, वहिनी. आमच्याकडं गावाला गाण्याच्या शेवटी नाव असतं. म्हणून म्हटलं, चौथं कुठं मिळतंय का बघू." त्यांनी खिशातून चॉकलेट काढलं. मोबाईलवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला. "म्हण बघू बाळ. सगळं म्हणायचं, शेवटपर्यंत."

"तिची झोपायची वेळ झालीये," तेजल म्हणाली.

"झोपायचंच तर गाणं आहे."

इंदुबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, खांद्यावर अर्धवट कापलेली पॅंट. "काय ओ साहेब, दुधाच्या दातांकडनं बाप वदवून घेताय होय? मलाच न्या की. मी केलंय गाणं. चाल पण लावते, ऐका."

"आजी, तुम्ही बसा जरा."

"बसलेलीच होते. तुम्हीच उठवलं."

पण सोनीनं सुरू केलं होतं. श्रोते मिळाले म्हणून खुशीत, हात मागे बांधून. पहिलं कडवं झालं. दुसरं. तेजलला वाटलं, पोरीला उचलावं, तोंड दाबावं, पातेलं आपटावं. पण दाबलेलं तोंडही त्या मोबाईलमध्ये गेलं असतं. तिसरं झालं. काऊ म्हण, ती मनात म्हणत होती, पाल म्हण, काहीही म्हण. पण खेळात नाव देणारी तीच होती, आणि आज तिनं नाव दिलं नव्हतं. दिलं नाही तर पोरगी कुठलं घेईल? हाताशी असेल ते. पहिलं. मूळचं.

सोनी थांबली. आईकडे बघितलं. आईच्या तोंडून काही येईना, तसं तिनं समोरच्या माणसाकडे बघितलं.

"तुझं नाव काय?"

"माझं?" ते हसले. "दौलत."

सोनीनं मान डोलावली आणि लांब सूर काढला.

दौलत म्हणे गं, नाव नको पुसू,
ज्याच्या गळ्यात त्याचं गाणं.
आज माझं आहे, उद्या तुझं होवो,
एवढंच माझं मागणं.

मग तिनं चॉकलेट घेतलं.

इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला. दौलतरावांनी लाल ठिपका बंद केला, मोबाईल कानाशी धरला आणि शेवटचं कडवं पुन्हा ऐकलं. आपलंच नाव, पोरीच्या आवाजात, सुरात बसलेलं. त्यांनी ते आणखी एकदा ऐकलं.

"चौथं कडवं आहे तर," ते म्हणाले.

तेजलनं सोनीला जवळ ओढलं.

"वहिनी, मला समजायचं ते समजलं. मोबाईलवर नसलेलं कडवं पोरीला येतं, म्हणजे घरात कुणीतरी म्हणतं. पण मला नुसतं समजून भागत नाही, वर ऐकवावं लागतं. आता हे कसं ऐकवू? साहेब विचारतील, दौलत, हा काय प्रकार?" त्यांनी अंगठ्यानं स्क्रीनवर काहीतरी केलं. पुसलं की ठेवलं, हे तेजलला त्या कोनातून दिसलं नाही. तिनं मान वाकडी करून बघितलं, तरी दिसलं नाही.

"सापडलं नाही म्हणून सांगतो. पण मी नाही तर दुसरा येईल. रविवारी मैदानावर काढलेल्या कामगारांची सभा आहे, तिथं म्हणे गाणी आहेत." पिशवी उचलून ते दाराशी थांबले. "मिस्टरांचा घसा बसू द्या थोडे दिवस."

जिन्यावरचं पाऊल खाली गेलं. टपरीजवळ थांबलं का? तेजल कठड्याशी धावली. थांबलं नव्हतं, पण टपरीवर दुसरा एक जण उभा होता. पान खात होता. खात होता हे तिनं नीट बघून घेतलं.

"बाई गं," इंदुबाई म्हणाल्या, "पोरीची दृष्ट काढ आज."

संध्याकाळी संतोष आला तेव्हा ती सगळं कुजबुजत सांगत गेली, मोबाईल पिठात आणि रेडिओ मोठा करून. कडव्यात दौलतरावांचं नाव आलं तिथं तो मोठ्यानं हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लेक माझी आहे. जाखडी अंगात आहे तिच्या."

"रविवारी जाऊ नकोस."

"शेवटचं कडवं सोडून म्हणेन."

"तो तुझा आवाज ओळखेल, संतोष. कडव्याचं काय घेऊन बसलास?"

तो उत्तर न देता सोनीजवळ जाऊन आडवा झाला. तिला थोपटत हळू आवाजात त्यानं गाणं धरलं. कितीतरी दिवसांनी तो म्हणत होता. तेजल भांडी न आपटता घासत होती, एक कान जिन्याकडे, एक आत. चौथं कडवं आलं तसं सोनीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब. आज कोण म्हणे?"

तो जरा थांबला. "आज संतू म्हणे."

सोनीनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं.

"संतू कोण?"

तेजलचा हात पाण्याखाली तसाच राहिला. हेच तर हवं होतं तिला. यासाठीच तिनं काऊ आणला, चिऊ आणली, पाल आणली. आता कुणी चॉकलेट दिलं काय आणि धाक दाखवला काय, पोरीकडून नाव जाणार नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आतून काही आवाज येईना, म्हणून तिनं नळ बंद केला.

"कुणी नाही," संतोष म्हणत होता. "तू सांग. कोण म्हणे?"

"बाबा म्हणे," सोनी म्हणाली.

तो तसंच म्हणाला. आवाज त्याचा फाटला, पण सूर सोडला नाही. पोरगी झोपली, तरी तो तिथंच पडून राहिला, छताकडे बघत. रविवारचं काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ती हात पुसून दाराशी आली, कडी लावली, लागली का ते ओढून बघितलं. जिन्यावर कुणीतरी चढत होतं. ती कान देऊन उभी राहिली, पाऊल कुठल्या मजल्याला थांबतंय ते ऐकत.