दोनशे सतरा नावं पोटात

या, बसा. फक्त माझ्यावर बसू नका. आजवर बरेच जण बसले, आणि माझं झाकण मधोमध दबलंय ते त्यांच्याच कृपेने. मी लोखंडी पेटी बोलतेय. लांबीला साडेतीन फूट, दोन्ही बाजूंना कड्या, पुढे कोयंडा, आणि अंगावर तीन रंगांचे थर. सगळ्यात खालचा हिरवा, तो माझा जन्माचा.

मला ज्या कारागिराने घडवलं त्याला बडबडीचा भारी नाद. ठोकत असायचा आणि बोलत असायचा. मला न्यायला एक सिस्टर आली तेव्हा तो म्हणाला, "सिस्टर, तुमच्यानंतरही टिकेल ही." ती म्हणाली, "मग चांगलंच आहे. मी कुठे टिकायला आलेय?"

ही सिस्टर नर्स होती. उंचीने बेताची, पण चालायला लागली की वाऱ्यालाही दम लागावा. लोक तिला सुसाट सिस्टर म्हणत. चर्चच्या आवारात तिचा छोटा दवाखाना होता आणि मी त्यातली औषधांची पेटी झाले. माझ्या पोटात पट्ट्या, मलमं आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. सगळ्यात आधी संपायच्या त्या बाटल्याच.

गावाच्या टोकाला दगड दळायची गिरणी होती. पांढरा कडक दगड तिथे पिठासारखा बारीक व्हायचा आणि काचेच्या कारखान्यांना जायचा. तिथले कामगार दवाखान्यात यायचे ते केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरे. तरणीताठी माणसं, पण दोन पायऱ्या चढली की भिंतीला टेकायची. गिरणीचा डॉक्टर सगळ्यांना एकच सांगायचा : बिडी सोडा, क्षय असेल. बिडीला कधी हात न लावलेलेही मान हलवून परत जायचे.

एके दिवशी सिस्टरने माझं झाकण असं आपटलं की माझ्या बिजागऱ्या हलल्या. समोर एक फादर उभे होते. "वर्षभर मी त्याच माणसांना तीच बाटली देतेय, फादर. छप्पर गळतंय आणि मी खाली फडकं घेऊन बसलेय! खोकला येतो कुठून ते कुणी बघणार की नाही?"

फादर हसले नाहीत. म्हणाले, "मी बघणार. पण मला तुम्ही लागाल. आणि ही पेटीसुद्धा, माझ्याकडे कागद ठेवायला जागा नाही."

अशी मी दवाखान्यातून संस्थेत आले.

संस्था हा शब्द मी आदराने वापरते, एरवी ती चर्चमागची एकच खोली होती. आधी तिथे मोडका ऑर्गन आणि जुने बाक ठेवलेले असायचे. फादरांनी दारावर पाटी लावली : सामाजिक अभ्यास केंद्र. पाटी दारापेक्षा रुंद झाली, म्हणून तिची एक बाजू खिडकीवर गेली. गरिबांना मदत करणारे पुष्कळ आहेत, पण माणसं गरीब का राहतात, आजारी का पडतात, ते आधी नीट शोधायचं आणि मग ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांच्यापुढे मांडायचं, हे त्यांचं वेड. कुठल्या आळीत किती नळ, किती पोरी शाळेतून काढल्या, सगळं मोजायचे. लोकांनी त्यांचं नाव मोजणी फादर ठेवलं. "चर्चमधली एखादी मिस्सा चुकली तर देव माफ करेल," लोक म्हणायचे, "पण फादरांच्या यादीतून सुटका नाही."

गिरणीच्या कामगारांसाठी त्यांनी चार पानी फॉर्म केला. पहिल्या महिन्यात भरले गेले नऊ. माणसं दार लावून घेत. कुणी बोललं हे गिरणीत कळलं तर दुसऱ्या दिवशी काम गेलंच समजा.

तेव्हा मावशी आली. ती कामगारांची खानावळ चालवायची आणि तिचा नवरा गिरणीच्या दळणखोलीत होता. कंबरेवर हात ठेवून ती दारातच उभी राहिली.

"फादर, तुम्ही झगा घालून समोर बसलात की ते पापं कबूल करतात. खोकला नाही कबूल करत!"

"मग काय करू?"

"तुम्ही काही करू नका. सिस्टरना माझ्याकडे जेवायला पाठवा. ताट पुढे असलं की माणसाचं तोंड आपोआप उघडतं."

आणि तसंच झालं. सिस्टर खानावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. मावशी वाढता वाढता म्हणायची, "सांग रे, कधीपासून जिना चढवत नाही तुला? सिस्टरच आहे, कुणी परकं नाही." प्रत्येकाला सिस्टर आधी एकच गोष्ट सांगायची : "तुमचं नाव पेटीत जाईल. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. तुमचं नाव कुणाला दाखवणार नाही, हा माझा शब्द."

सात महिन्यांत फॉर्म झाले दोनशे सतरा. मी औषधांचं वजन उचललं होतं, पण हे ओझं निराळंच. कुणाला लहान मुलगी उचलून घेता येत नव्हती. कुणी बसूनच झोपायचा. मावशीच्या नवऱ्याच्या फॉर्मवर सिस्टरने त्याच्याच शब्दांत लिहिलं होतं, 'पूर्वी मी शीळ घालायचो.'

फादरांनी आकडे मांडले. बाहेर उघड्यावर दगड उतरवणाऱ्यांत दम लागणारे अगदी मोजके. दळणखोलीत दहा वर्षं काढलेल्यांत मात्र पाचातले चार. बिडी पिणारे दोन्हीकडे सारखेच. फादरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आकडे तेच आले.

त्यांनी मालकांना पत्र लिहिलं : दळताना पाणी मारा, धूळ खाली बसेल, माणसं वाचतील. उत्तर मालकांकडून आलंच नाही. ते आलं फादरांच्या वरिष्ठांकडून, बिशपांकडून.

गिरणीचे मालक चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. चर्चचं नवं छप्पर त्यांनीच घालून दिलेलं. बिशपांकडे जाऊन ते गोड बोलले असणार, कारण पत्रही गोडच होतं. मालकांना आजारी कामगारांवर उपचार करायचे आहेत, त्यासाठी नावं हवीत. गुरुवारी दुपारी बिशप स्वतः येतील, फॉर्म काढून ठेवावेत.

"उपचार म्हणे!" सिस्टर म्हणाली. "दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर काढतील एकेकाला."

फादरांचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, मी आज्ञापालनाची शपथ घेतलीय. तुम्हीही घेतलीय."

"शब्द मी त्या माणसांनाही दिलाय. आता आधी कुठला पाळू, ते तुम्हीच मोजून सांगा."

फादरांनी किल्ली मागितली नाही.

गुरुवार उजाडला. बिशप आले. थकलेले, जाड भिंगांचा चष्मा, गुडघे दुखत असल्याने काठी. खोलीत धड खुर्ची नव्हती, त्यांना स्टूल दिलं. त्यांनी मला पाहिलं, कुलूप पाहिलं आणि हात पुढे केला. "किल्ली?"

सिस्टरने गळ्यातली किल्ली काढून मुठीत धरली. "बिशपस्वामी, आज्ञा असेल तर देते. पण आधी एक फॉर्म मला वाचून दाखवू द्या. नाव झाकून. तेवढं ऐका, मग मागा."

फादरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काही खरं नाही आपलं.

बिशप म्हणाले, "वाचा."

सिस्टरने मला उघडलं. फॉर्मचा नावाचा भाग मागे दुमडून वाचायला लागली. वय चौतीस. दळणखोलीत अकरा वर्षं. एक संपला तसे बिशप म्हणाले, "दुसरा." मग तिसरा. पाचव्या फॉर्मला तिचा आवाज बसला, तेव्हा त्यांनी काठी बाजूला ठेवली. "द्या इकडे. तसेच दुमडून द्या, नावं मला नकोत."

आणि ते वाचत बसले. चहा आला, साय धरून गार झाला. बाहेर त्यांचा ड्रायव्हर गाडीत घोरायला लागला. फादर आणि सिस्टर शाळेतल्या पोरांसारखे भिंतीला लागून उभे. बिशपांनी एकदाच मान वर केली. "हा शीळ घालायचा, तो कसा आहे?"

"आहे," सिस्टर म्हणाली. "पण शीळ नाही."

शेवटचा गठ्ठा आत ठेवून त्यांनी स्वतःच्या हातांनी माझं झाकण लावलं, कुलूप घातलं. किल्ली क्षणभर तळहातावर तोलली आणि सिस्टरकडे दिली.

"ही तुमच्याकडेच असू द्या. माझ्याकडे असली की लोक मागायला येतात." मग फादरांकडे वळले. "नावं गाळून छापा. प्रस्तावना मी लिहीन. आणि छपराचं म्हणाल, तर ते देवाला दिलेलं आहे. त्याच्या बदल्यात माणसं देता येणार नाहीत."

गाडी वळणाआड गेली आणि सुसाट सिस्टर, जी कधी दोन मिनिटं स्वस्थ बसली नव्हती, ती माझ्यावर मटकन बसली आणि पोटभर रडली. फादर हसत होते की रडत होते, मला झाकणाखालून दिसलं नाही. मी एवढंच सांगते, माझ्यावर बसलेल्या सगळ्यांत ते वजन मला सगळ्यात हलकं वाटलं.

पुस्तिका निघाली. मालकांनी पहिला बाक सोडला, वर्षभर ते दुसऱ्याच चर्चला जात होते. गिरणीच्या डॉक्टरने आकडे खोटे ठरवायचा प्रयत्न केला, म्हणून सरकारी तपासणीस छातीचे फोटो काढायचं यंत्र घेऊन आले, आणि फोटोंनी फादरांचेच आकडे सांगितले. पुढे दोन वर्षं अर्ज, सुनावण्या, हेलपाटे. अखेर हुकूम निघाला आणि दळणखोलीत पाण्याचे फवारे लागले. फॉर्म भरला म्हणून एकाचंही काम गेलं नाही, कारण कुणी भरला हे कुणाला कधी कळलंच नाही.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. फवारे लागायच्या आत बरेच जण गेले, आणि धुळीने एकदा खाल्लेली छाती परत येत नाही. मावशीचा नवरा आणखी सहा वर्षं जगला, खिडकीशी बसून. पण नंतर कामाला लागलेली माणसं जिने चढतात. मावशीचा जावई त्यातलाच. "मेला घरभर शीळ घालत असतो," ती तक्रार करते, आणि तक्रार करताना हसते.

फादर गेले, सिस्टरही गेली. त्या कारागिराचं म्हणणं खरं ठरलं. संस्थेला आता तीन मजले आहेत, वकील आहेत, संगणक आहेत. मध्यंतरी मावशी काठी टेकत आली आणि नव्या संचालकबाईंना म्हणाली, "माझ्या माणसाचा कागद बघायचाय." बाई अवघडल्या. नावाचे फॉर्म कुणाला दाखवायचे नाहीत, हा नियम.

"मला कुठे दाखवताय?" मावशी म्हणाली. "पेटी उघडा. मी आत डोकं घालते."

आणि घातलं की! बाई हसत हसत बाजूला झाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. माझ्या पोटात डोकं घालून मावशीने तो कागद बोट फिरवत, अक्षर अक्षर लावत वाचला. मग तोंड पुसून उभी राहिली. "बरोबर लिहिलंय," एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात ते फॉर्म तळमजल्यावरच्या कोरड्या, कुलूपबंद खोलीत गेले. वाळवी नाही, ओल नाही. चाळीस वर्षं मी एक श्वास कोंडून धरला होता, तो सोडला. आता माझ्यात कोरे फॉर्म आहेत. लोकांच्या घरी राहून म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांसाठीचे. त्यांना सुट्टी मिळते का, झोप मिळते का, हे विचारायला उद्या तीन मुली निघणार आहेत. आज त्या माझ्याभोवती बसून एकमेकींवर सराव करताहेत आणि प्रश्न फार भरभर विचारताहेत.

पोरींनो, एवढी घाई नको. प्रश्न विचारलात की जरा गप्प बसा. समोरची बाई "तसं काही नाही" म्हणेल, भांडं उचलून ठेवेल, पदर सारखा करेल. तोवर पेन उचलू नका. खरं उत्तर त्यानंतर येतं. मी इथेच आहे, ते उत्तर घेऊन या.