सोडलेले तीन मासे

शिवकांताबाई रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन विष्णुपुरीच्या धरणाकाठी जायच्या. मुलगा आणि सून नात गीतांजलीला घेऊन पुण्याला गेले त्याला तीन वर्षं झाली होती. काठावर वैजनाथ भोई जाळं नीट करत बसलेला असे. दिवसभरात बाईंशी बोलणारा माणूस तो एवढाच.

"काकू, काल कीर्तनात काय झालं?" हा त्याचा रोजचा सवाल. मग बुवांनी कुठली चाल लावली, कुठं आवाज चढवला, हे बाई हातानं ताल धरून सांगत. तो गाठी मारता मारता हुंकार देई.

त्या दिवशी त्यानं विचारलंच नाही. जाळ्याला हात जाईल एवढी भोकं पडली होती. पायाशी एक काळा, ठिपक्यांचा मासा पडला होता. अंग खरबरीत, तोंड खालच्या बाजूला.

"ह्यो बघा. काट्यानं जाळं फाडतोय, इकत कुणी घेत न्हाई. दुसऱ्या माशांची अंडी बी खातोय म्हणतेत. मरळ दिसून महिना झाला, वांब तर इसरूनच जा. मी तर आता निलंग्याला मेव्हण्याकडं चाललो, उसाच्या कामाला."

बाईंनी मासा ओळखला. गीतांजलीच्या काचेच्या पेटीत असे तीन होते, काच चाटून साफ ठेवणारे. नात गेली आणि पेटी बाईंकडं राहिली. त्याच साली सप्त्यात बुवा भूतदयेवर असे रंगले की सारा मंडप डोळे पुसत होता. कोंडलेला जीव मोकळा करणं हीच पूजा, असं बुवा म्हणाले. दोन दिवसांनी एकादशीला बाईंनी तिघांना हळदकुंकू वाहून ह्याच पायरीवरून गोदामाईत सोडलं. कणकेच्या गोळ्या सुरू झाल्या त्या त्यांच्यासाठीच.

गप्प बसता आलं असतं. गप्प बसलं असतं तर निदान जाईपर्यंत तरी तो बोलत राहिला असता.

"वैजनाथा, हे मी सोडले रे."

त्यांनी सगळं सांगितलं. वैजनाथ जाळ्याची भोकं चाचपू लागला.

"किती व्हते?"

"तीन."

"तुमच्यावानी आणिक कितीकांनी सोडले असतील. लई पुण्य केलं, काकू." मग उठता उठता म्हणाला, "उद्यापासून कणीक आणू नका. त्यांचंच पोट भरून राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सवयीनं कणीक जास्तच मळली गेली. ती झाकून ठेवून बाई रिकाम्या हातानं काठावर गेल्या. वैजनाथ लांब बाभळीखाली जाऊन बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. पायरीवर मात्र जाळ्यातून काढून टाकलेला एक काळा मासा होता. कल्ले अजून हलत होते. पाणी वीतभरच लांब.

बाईंचा हात आपोआप पुढं झाला. तिकडं गाठी मारणारे हात थांबले.

बाईंनी हात पदरात घेतला. तिथंच पायरीवर बसल्या, माशावर पदराची सावली धरली आणि घरच्या माणसापाशी बसावं तसं हलक्या आवाजात नाम घेऊ लागल्या. ह्या माशाचा जीव पाण्याबाहेरही लवकर जात नाही. ऊन डोक्यावर आलं तरी तोंड उघडत मिटत होतं.

"काकू," बाभळीखालून हाक आली. "ऊन लागंल. सावलीला या."

"येते," बाई म्हणाल्या. "ह्याचं होऊ दे."