थाळ्याची रिकामी बाजू

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा थाळा आहे. माझ्याभोवती पाच धडधाकट माणसं मांडी घालून बसू शकतात. घामाची, मातीची, मासळीची, सगळ्या तऱ्हेची बोटं मी आयुष्यभर चालवून घेतली. पण शारजात एका शुक्रवारी मला जी किळस आली, ती आजतागायत गेलेली नाही.

माझा जन्म रत्नागिरीचा. तांबटाने मला ठोकून गोल केलं, कल्हईवाल्याने आतून चकचकीत केलं आणि खैरुद्दीन नावाच्या गरीब स्वभावाच्या माणसाने गोणपाटात गुंडाळून बोटीने शारजाला आणलं. तेव्हा एकसष्ट साल असेल. शारजाच्या रोल्ला भागात आमच्या कोकणी मुसलमानांची मेस होती. खैरुद्दीन बाजार करायचा, त्याची बायको हव्वाबी रांधायची आणि जेवणारे घरच्यासारखे पाच-पाच जण एका थाळ्यात बसायचे. त्या दिवसांत माझा मोठा मान होता. हव्वाबी मला राखेने घासायची आणि दर सहा महिन्यांनी कल्हई करून आणायची.

मेसची फुटबॉलची टीम होती. कॅप्टन हमदुल्ला, एका कंपनीतला क्लार्क. शुक्रवारी जुम्म्याची नमाज, मग वाळूवर मॅच, मग पुलाव. ज्याने गोल केला त्याने माझ्यातला पहिला घास घ्यायचा, असा मेसचा कायदा होता. तो हमदुल्लानेच केला होता, कारण तेव्हा गोलही तोच करायचा.

त्रेसष्ट साली मरजान आला. मुरूडचा सिद्दी, काळाभोर, ताडमाड उंच, बंदरावर माल उतरवणारा. पहिल्याच मॅचमध्ये त्याने तीन गोल ठोकले. हमदुल्ला त्याला मिठी मारून नाचला म्हणे. मग सगळे मेसमध्ये आले. मरजानने हात धुतले, माझ्यासमोर बसला, बिस्मिल्ला म्हणून हात पुढे केला, आणि हमदुल्लाने मला झटकन आपल्याकडे ओढलं.

"हबीबी, तू तिकडे दाराशी बस," तो गोड आवाजात म्हणाला. "तुझी प्लेट सेपरेट आहे. मटण जास्त घातलंय."

दाराशी टवका उडालेली एनॅमलची प्लेट ठेवलेली होती. शी! दुपारी नमाजेत हाच हमदुल्ला मरजानच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मग घासाच्या वेळी काय बिघडलं? मरजानचे हात स्वच्छ धुतलेले होते. हमदुल्लाची नखं मी रोज पाहत होतो, त्यांबद्दल न बोललेलंच बरं. बाकीचे मान खाली घालून जेवायला लागले. खैरुद्दीनसुद्धा. मला मिळालेला सगळा मान त्या क्षणी मला नकोसा झाला.

"गावात शर्यतीत मी पहिला आलो, तर फोटो काढताना मला बाजूला उभं केलं," मरजान म्हणाला. "तेव्हा दहा वर्षांचा होतो, गप्प बसलो. आता नाही बसणार."

तो उपाशी उठला. पुढचे चार शुक्रवार तो खेळला, गोल केले आणि प्लेटला हात न लावता गेला. पाचव्या शुक्रवारी ईदची मोठी मॅच होती. मरजान रेषेबाहेर बूट काढून बसला. त्या दिवशी काय बोलणं झालं ते हव्वाबीने मला घासताना दहा वेळा तरी स्वतःशी म्हटलं, म्हणून मला पाठ आहे.

"थाळ्यात जागा नाही, तर टीममध्येही मी नाही. आणि जागा माझ्या एकट्यासाठी नको. बंदरावरचे माझ्यासारखे जे हमाल तुमच्या माठाचं पाणी वेगळ्या डब्याने पितात, त्यांच्यासाठीही हवी."

"मॅचनंतर बघू, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला अल्लाच्या मर्जीसाठी असतं, हमदुल्लाभाई. तुमच्या टाळाटाळीसाठी नाही."

टीम सपाटून हरली आणि मरजानला मेसमधून काढलं. मग त्याने तोच धंदा धरला. उम्म अल कुवैनपासून दुबईपर्यंत ज्या टीमने बोलावलं तिला तो आधी विचारायचा, "मला आणि माझ्या सोबत्यांना जेवायला कुठे बसवणार?" कुठे जागा मिळाली, कुठे शिव्या मिळाल्या, कुठे तो भर मॅचमधून उठून गेला. त्याच्या पायांतली चांगली वर्षं अशी गेली. जिथे त्याने जागा करून घेतली, तिथे ती इतरांनाही राहिली.

इकडे मेसमध्ये स्टीलची ताटं आली. खलास, मला कुणी विचारेना. माझी कल्हई उडाली, आत हिरवट डाग पडले आणि हमदुल्लाने मला शोभेसाठी भिंतीवर टांगलं.

एकोणसत्तरपर्यंत मरजानचं नाव सगळीकडे झालं होतं. मग हमदुल्लाला त्याचा सत्कार सुचला. हार आणले, फोटोग्राफर आणला. भाषणात त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्याच थाळ्यात आमचा मरजान जेवला, वाढला!"

मित्रांनो, मला खिळ्यावरून खाली पडावंसं वाटलं.

मरजान उठला. हार गळ्यातून काढून त्याने टेबलावर ठेवला. "मी ह्या थाळ्यात एकही घास खाल्लेला नाही. पण आज खाईन. माझे दोन सोबती बाहेर उभे आहेत, तेही खातील. उतरवा त्याला."

हव्वाबीने मला उतरवलं आणि आत बोट फिरवून पाहिलं. "कल्हई गेलीय. ह्यात वाढलं तर जेवण कळकेल, बाधेल."

"मग करून आणा, भाबी. मी थांबतो. सहा वर्षं थांबलोच आहे."

पुरुषांपैकी एकही उठला नाही. हव्वाबीनेच मला कमरेवर घेतलं आणि कल्हईवाल्याकडे नेलं. आम्ही परत आलो तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळ्यांना एकाएकी कामं आठवली होती. मरजान, त्याचे दोन हमाल सोबती आणि मान खाली घातलेला खैरुद्दीन, एवढेच उरले होते.

हव्वाबीने पुलाव वाढला. चौघे पसरून बसणार, तोच मरजान म्हणाला, "सरकून बसा. ती बाजू हमदुल्लाभाईची आहे."

मग त्याने पहिला घास घेतला. माझ्या पाचव्या बाजूचा भात तसाच गार झाला.

मित्रांनो, मला भिंतीवर टांगून माझं कौतुक करू नका. मला खाली उतरवा, कल्हई करा आणि ज्याला दाराशी बसवलंय त्याला आधी बोलवा. हमदुल्ला त्यानंतर रोज माझ्यासमोरून जायचा. त्याची बाजू हव्वाबी शेवटपर्यंत मोकळी ठेवत होती, पण तो कधी बसला नाही.