पुढच्या गावाचं जेवण

आमच्या व्हॅनमध्ये मी जे शिजवायचे, ते पुढच्या गावातली माणसं आधीच जेवून टाकायची.

पहिल्यांदा मुगाची खिचडी गेली. कुकर उघडला तर वाफ आली, हिंगाचा वास आला, आणि आत घासून ठेवल्यासारखं स्वच्छ. माझे मिस्टर, रघुनाथ, वाकून बघून म्हणाले, "असू दे. पुढे काहीतरी मिळेल."

पुढच्या गावात माणसं पारावर हात पुसत बसली होती. एका बाईनं काचेवर टकटक केलं. "खिचडी झकास होती हो. मीठ तेवढं जरा कमी."

"उद्या बघते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिथल्या खानावळीत चूल थंड होती. मालक ढेकर देत म्हणाला, "आज सगळे तुमच्याकडचंच जेवले. मग मी कुणासाठी पेटवू?"

हे एसटीत ड्रायव्हर होते. उभा जन्म डब्यातली गार भाजी खाल्ली. रिटायर झाल्यावर त्यांनी व्हॅन घेतली, मागे स्वतःच्या हातानं छोटा ओटा बसवला, शेगडी बसवली. म्हणाले, "आता जिथे भूक लागेल तिथे थांबायचं, आणि तुझ्या हातचं गरम खायचं." बस, एवढीच त्यांची हौस.

म्हणून मी करत राहिले. पिठलं केलं, वांग्याचं भरीत केलं, लसणाची फोडणी देऊन आमटी केली. झाकण काढलं की भांडं रिकामं. केळं सोलून ह्यांच्या तोंडाशी नेलं, तर हातात नुसती साल. आणि गावोगाव माणसं रस्त्यावर येऊन आमचे आभार मानायची. भरीत खाल्लेल्या एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पायाला हात लावला. त्याच्या मिशीला कोथिंबीर चिकटली होती. रागवावं तरी कुणावर?

"घरी जाऊ या," मी म्हटलं.

ह्यांनी गाडी वळवली. पण वळवल्यावर मागचं गाव पुढचं झालं. तिथेही माणसं हात धुऊन उभी होती.

मग मी शेगडी पेटवणं बंद केलं. तांदळाचा डबा बांधून ठेवला. वाटलं, शिजलंच नाही तर जाईल काय?

त्या दिवशी जे गाव लागलं तिथली माणसं नेहमीपेक्षा शांत होती. झाडाखाली पडून राहिली होती, जड जेवण झाल्यावर पडतात तशी. एक लेकुरवाळी बाई उठून जवळ आली.

"आज काय केलं होतं, ताई?"

"आज काहीच केलं नाही."

"असं कसं? पोटभर जेवलो की. ओळखू आलं नाही, पण चव अगदी घरची होती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. शर्ट खांद्यावरून ओघळला होता. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं होतं. मी माझ्या बांगड्या चाचपल्या. त्या होत्या तिथेच घट्ट होत्या.

"अहो, काही दुखतंय का?"

"नाही गं. हलकं वाटतंय."

मी घाईघाईनं डबा सोडला, भात टाकला. निदान तो जाऊ दे, असं मनात आलं. भात शिजला आणि भांड्यातच राहिला. पांढरा, मोकळा, वाफाळता. कुणालाच तो नको होता. मी घास कालवून ह्यांना भरवला. त्यांनी चावला, पण गिळायला घशात जोर उरला नव्हता.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

एव्हाना ते गाव मागे टाकून आम्ही घाट उतरत होतो. ह्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. पायात वजनच नव्हतं. मी पुढे वाकून हँडब्रेक ओढला. तो पुरता वर आला, आणि गाडी आपली तशीच, सावकाश, उतरत राहिली.

"वास छान येतोय भाताचा," हे म्हणाले.

वळण संपलं तसं गाव दिसलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पंगत बसली होती. इथली माणसं अजून जेवली नव्हती. पत्रावळी मांडल्या होत्या, मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली होती. सगळी मांडी घालून, मायेनं आमच्याकडे बघत होती. गाडी जवळ आली तसं त्यांनी उजव्या तळव्यावर पाणी घेतलं आणि पानाभोवती फिरवलं.