खळी पडलेला रॉकर

मित्रांनो, पारोळ्याला जीवरामभाऊंच्या घरी कोनाड्यात चहाचा एक रिकामा डबा आहे. त्यातल्या नटबोल्टांखाली बोटभर लांबीचा एक काळपट लोखंडी तुकडा सापडेल. तो मी, मोटारीच्या इंजिनातला एक जुना रॉकर.

इंजिनाच्या झाकणाखाली आम्ही आठ भाऊ एका दांड्यावर ओळीने बसायचो. खालून सळईने एक टोक उचलले, की दुसऱ्या टोकाने आम्ही व्हॉल्व्ह दाबायचा आणि लगेच सोडायचा. व्हॉल्व्ह आणि आमच्यात जाड कागदाएवढी फट ठेवतात. लोखंड तापले की फुगते, त्याला तेवढी जागा हवीच.

जीवरामभाऊंची ती टॅक्सी होती. पारोळा ते धुळे हा रस्ता मी बारा वर्षे कुटला. शेवटी माझ्या टोकाला खळी पडली आणि १९६६च्या हिवाळ्यात मी टकटक वाजू लागलो. गावाने नावे ठेवली, पण एका माणसाला माझा आवाज गोड लागे. जीवरामभाऊंची लेक पुष्पा त्याच साली धुळ्यातल्या देवपूरला नांदायला गेली होती. गाडी पांझरेच्या पुलावरून गल्लीत वळली, की हातातले काम टाकून ती दारात यायची. आपली कोणी अशी वाट पाहते, याचे सुख मला ठाऊक आहे.

पण एकदा व्याही हसत म्हणाले, "जीवरामभाऊ, टॅक्सी आणली की पिठाची गिरणी?" भाऊही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिलाल मिस्त्रींना गाठले. मिस्त्रींनी फट मोजायची पातळ पट्टी माझ्याखाली सरकवली. माप बरोबर निघाले, आवाज मात्र तसाच. मिस्त्रींनी मला सोडवून टोकावरून नख फिरवले आणि हसले. पट्टी खळीवरून आडवी जात होती, खळीची खोली तिला कळतच नव्हती. नवा रॉकर मुंबईहून यायला महिना लागणार होता. तोवर मला हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावले.

"भाऊ, वाजस तो वाजू दे," ते म्हणाले. "वाजस तो व्हॉल्व्ह जगस, मुका व्हयना तो जळना." म्हणजे वाजतो तो व्हॉल्व्ह जगतो, मुका झाला तो जळाला.

पण व्याह्यांचे बोलणे भाऊंच्या मनातून जाईना. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात. पुष्पाची ही पहिलीच आखाजी. तिला आणायला गाडी गुपचूप जावी, म्हणून भाऊंनी स्वतःच पाना घेतला आणि आवाज थांबेपर्यंत माझा स्क्रू आवळला. फट संपली. मला ओरडून सांगायचे होते, पण माझा आवाजच त्यांनी बंद केला होता.

पाच दिवस त्यांनी भर उन्हात गावच्या लेकी आणल्या. आपली लेक शेवटी, आखाजीच्या सकाळी. इकडे तापून फुगायला जागाच नसल्याने माझा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता, त्याची कड रोज जळत होती. त्या सकाळी धुळ्याच्या निम्म्या वाटेत त्याचा तुकडा मोडून आत पडला आणि इंजिन जागीच थांबले. गच्च भरलेल्या एसट्या न थांबता गेल्या. बैलजोडी मिळून गाडी पारोळ्याला ओढून आणेपर्यंत दिवस मावळला होता. सुंदरबाईंनी, पुष्पाच्या आईने, लिंबाला बांधलेला झोका सोडला.

मिस्त्रींनी नवा व्हॉल्व्ह घातला, नवा रॉकरही बसवला. मी डब्यात आलो. पहिल्याच फेरीला भाऊ देवपूरला गेले. गाडी दाराशी उभी राहिली तरी कोणी बाहेर आले नाही. त्यांनी हॉर्न वाजवला, तेव्हा पुष्पा आली. परत आल्यावर भाऊंनी तिचे बोलणे सुंदरबाईंना सांगितले, ते मी डब्यातून ऐकले.

"आबा, गाडीना आवाज कोठे गया?" ती म्हणाली होती. "आखाजीले मी दिवसभर कान दीसन बठेल व्हतू."

पुढच्या प्रत्येक आखाजीला पुष्पा आली. पण पहिली आखाजी एकदाच येते. अजूनही कधी भाऊ डबा उघडतात, माझ्या खळीवरून अंगठा फिरवतात आणि मला परत ठेवतात.

मित्रांनो, जुने यंत्र वाजू लागले, तर लोक हसतील म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. त्याला काय दुखते ते आधी पाहा. मला आता दुरुस्ती नको, नवे रंगरूपही नको. फक्त एकदा देवपूरच्या त्या गल्लीत वाजत शिरायचे आहे.