गाभ्यातून पुसलेला पर्याय

मी एक जुना पर्याय आहे. मला रंग नाही, वजन नाही, आणि मला ठेवायला कपाटात जागाही लागत नाही. मी नुसता एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच देता येतं.

मित्रांनो, संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे दिसतं ते वरचं. त्याच्या तळाशी एक गाभा असतो. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, जे काही जोडलेलं असेल त्या सगळ्यांशी बोलायचं काम गाभ्याचं. तो बांधताना बांधणाऱ्याला हजारो प्रश्न विचारले जातात. अमुक यंत्र आहे का? तमुक हवं का? ज्याला 'हो' म्हणाल ते आत जातं, ज्याला 'नाही' म्हणाल ते बाहेर राहतं. त्या हजारांतला मी एक. माझा प्रश्न असा होता: ठिपक्यांची जुनी वाचनपट्टी जोडायची आहे का?

वाचनपट्टी म्हणजे कळफलकाच्या पुढ्यात ठेवायची एक लांबट पेटी. तिच्यावर बारीक टाचण्या वर येतात, खाली जातात, आणि पडद्यावरची ओळ बोटांखाली उमटते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते ती बोटांनी वाचतात.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला, कारण त्या घरात दुसरं टेबल नव्हतं. घरात तीन माणसं. एक संगणकाचा कारागीर, त्याची बायको, आणि त्याची धाकटी बहीण. बहीण जन्मापासून आंधळी. सगळे तिला धाकटीच म्हणत. तिच्यासाठी कुठूनशी ही पट्टी मिळवली, पण गाभा पट्टीशी बोलेना. मग कारागिराने पाच महिने रोज संध्याकाळी, जेवणाची ताटं उचलली की, तिथेच बसून मला लिहिलं. चारशे बारा ओळींत मी पुरा झालो.

पहिल्यांदा टाचण्या हलल्या तेव्हा धाकटीची बोटं पट्टीवर होती. तिने सावकाश वाचलं आणि ती जोरात हसली.

"दादा, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला काही लिहून सांगितलंस, आणि तेही काय, तर 'चहा टाक'!"

"मग टाक की," दादा म्हणाला.

"ओळ पुसून नीट लिही. 'कृपया' राहिलंय."

वहिनी ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसत होती, आणि कांदा चिरतेय म्हणून सांगत होती.

प्रत्येक पर्यायाखाली दोन ओळींचं मार्गदर्शन लिहायची पद्धत आहे. दादाने माझ्याखाली लिहिलं, 'अशी पट्टी असेल तर हो म्हणा. खात्री नसेल तर नाही म्हणा.' धाकटीने बोटांनी ते वाचून विचारलं, "नाही म्हणा, असं आपणच का सांगायचं?"

"सगळेच लिहितात. पद्धत आहे. दुसऱ्याचा गाभा उगाच जड कशाला करायचा?"

माणूस भिडस्त. तीच भीड त्याने माझ्यावरही लिहून ठेवली. जगात बहुतेकांना कशाचीच खात्री नसते, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

तरी माझे दिवस चांगले गेले. कुठल्या कुठल्या गावांहून दादाला पत्रं आली. एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं, की त्यांचे सहा विद्यार्थी आता स्वतःचे निबंध स्वतः वाचतात. सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझ्यापुढे दादाचं नाव आणि टपालाचा पत्ता लागला. प्रत्येक पर्यायाला असा एक पालक असतो, आणि माझा पालक घरचाच होता.

धाकटीला काम मिळालं. आंधळ्या मुलांसाठी ठिपक्यांची पुस्तकं काढणारा एक छापखाना होता. छपाईआधी ती पानं वाचून चुका काढायची. गाभा बांधायलाही दादाने तिला शिकवलं. नवी आवृत्ती आली की ती स्वतः बसायची. माझा प्रश्न बोटांखाली आला की तिचं बोट क्षणभर थांबायचं, आणि मग ती 'हो' दाबायची. काम झालं की जुना गाभा पुसून टाकायची. केर साठू द्यायचा नाही, ही दादाची शिस्त. कुणी नेमाने दिवा लावावा तसं ते चालायचं. हजारो माणसांनी मला 'नाही' म्हटलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो एक 'हो' मला पुरत होता.

मग आठ वर्षांपूर्वी दादा गेला. जिना चढताना बसला, तो उठलाच नाही.

त्यानंतर धाकटीचे कानही गेले. अगदी कानाशी ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा. मग वहिनीने दुसरा कळफलक जोडून घेतला. ती लिहायची आणि धाकटी बोटांनी ऐकायची. 'आज काय करू जेवायला?' 'औषध घेतलंस का?' एकदा वहिनीने लिहिलं, 'शेजारीण पुन्हा भांडायला आली होती. बरं झालं तुला ऐकू येत नाही.' त्यावर धाकटी घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हळू लिही, ती ऐकेल!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. वहिनी पोट धरून हसली. दोन बायकांचं बोलणं, हसणं, रुसणं, सगळं माझ्यातून जात होतं.

माझ्यासारखा पर्याय एकाच वेळी हजार ठिकाणी असतो. त्या घरात होतो, तसा त्या कचेरीतही होतो जिथे गाभ्याची साफसफाई चालते. तिथे पाच टेबलं, एक मोठी खिडकी, आणि भिंतीवर एक पांढरा फळा. आज किती पर्याय काढले तो आकडा फळ्यावर. सफाईच्या कामावर एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. तिला सगळे तोंडावर केरसुणी म्हणत, आणि तीही हसून ओ देई. तिच्या वरिष्ठांना मागून मुकादम म्हणत.

साफसफाई वाईट नसते, मित्रांनो. हजारो प्रश्नांत कितीतरी मेलेले असतात. पण मेलेलं आणि गप्प बसलेलं यांत फरक असतो.

"आज किती?" मुकादमांनी विचारलं.

"एकोणीस."

"विसावा कोण?"

"ही ठिपक्यांची पट्टी. पट्टीवाली कंपनी केव्हाच बुडाली. आठ वर्षांत कुणी ओळीला हात लावलेला नाही."

"मग तू लाव आणि मोकळी हो."

"आधी पालकाला पत्र पाठवावं लागतं."

"पाठव. नियम तो नियम."

पत्र दादाच्या पत्त्यावर गेलं. वहिनीने संगणकावरची दादाची टपालपेटी बंद केली नव्हती. रोज सकाळी ती उघडून बघायची, जाहिराती पुसायची, इतकंच. त्या दिवशी दादाच्या नावाने आदराने लिहिलेलं पत्र होतं. आपला पर्याय काढण्याचा विचार आहे, आपलं मत कळवावं. पर्याय, गाभा, यातलं वहिनीला काही समजलं नाही. आठ वर्षांनीही कुणीतरी त्यांना मत विचारतंय, एवढंच समजलं. धाकटीला सांगायला तिने कळफलकावर हात ठेवले, आणि मागे घेतले. पोरीची जखम कशाला उकरायची? आज तिची दहा पानं वाचायची आहेत.

वहिनीने स्वतःच उत्तर लिहिलं. 'ते आठ वर्षांपूर्वी गेले. तुम्ही त्यांची आठवण ठेवलीत, फार बरं वाटलं. त्यांच्या कामाचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुमचे आभार.'

केरसुणीने ते पत्र मोठ्याने वाचलं.

"वाईट झालं," मुकादम म्हणाले. "पण बाईंनी परवानगी दिली की. तेच पत्र खाली जोड."

"त्यांना विचारून बघू का, पट्टी कुणी वापरतं का म्हणून?"

"नवरा गेलेल्या बाईला गाभ्याचे प्रश्न विचारणार? थोडी माणुसकी ठेव."

माणुसकी म्हणून कुणी विचारलं नाही. कामगारांच्या फलकावर एक सूचना लागली, 'कुणी वापरत असेल तर बोला.' त्या फलकावर गाभा घडवणारे येतात. गाभा ज्यांच्या घरी चालतो ते तिकडे फिरकत नाहीत. चार महिने वाट पाहिली. मग केरसुणीने लिहिलं, 'लेखक हयात नाहीत. कुटुंबाची हरकत नाही. वापरणारे आढळले नाहीत.' माझ्या चारशे बारा ओळी गेल्या, फळ्यावर आकडा वाढला, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

नवी आवृत्ती घरी आली. धाकटी नेहमीसारखी बसली. अलीकडच्या आवृत्त्यांत जुनी उत्तरं नव्या गाभ्याला आपोआप लागू होतात. फक्त नवे प्रश्न विचारले जातात. पण ज्या उत्तराचा प्रश्नच उरला नाही, ते उत्तर गाळलं जातं. कुणाला सांगितलंही जात नाही. तिचा 'हो' असा गळून पडला. तिने गाभा बांधला, जुना पुसला, संगणक पुन्हा सुरू केला आणि बोटं पट्टीवर ठेवली.

टाचण्या वर आल्या नाहीत.

पुढचं मला वहिनीच्या दुसऱ्या आणि नंतरच्या पत्रांतून कळलं. ती कचेरीच्या दप्तरात आजही आहेत.

धाकटी दुपारपर्यंत तशीच बसून राहिली. तिने वायर काढून लावली, पट्टी पुसली, हाका मारल्या. वहिनीने एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "हे भंगारात द्या आजी, आता असलं कोण वापरतं?" जुन्या आवृत्त्या साठ्यात मिळतात, हे त्याला माहीत नव्हतं. धाकटीला माहीत होतं. पण तिथून उचलून पुन्हा बांधायला वाचावं लागतं, आणि वहिनीला त्यातली एक ओळ कळत नव्हती.

संध्याकाळी वहिनीला ते पत्र आठवलं. पट्टीवर छापलेलं कंपनीचं नाव त्यात होतं, पण तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने धाकटीचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटाने एकेक अक्षर काढलं. पत्र आलं होतं.

"कधी?" धाकटी ओरडली. "कुणाचं?"

वहिनीने काढलं, दादाला.

"तू काय कळवलंस?"

दादा गेले.

"आणि? वहिनी, आणि काय?"

वहिनीचं बोट थांबलं. मग तिने सगळं काढलं, योग्य वाटेल ते करा. धाकटीने मूठ मिटली. वहिनीचं बोट आतच राहिलं.

दुसऱ्या पत्रात वहिनीने माफी मागितली होती. कुणाची, ते तिने लिहिलं नव्हतं. केरसुणी ते वाचून उठून उभी राहिली. "मी परत टाकते."

"टाक," मुकादम म्हणाले. "पालक कोण? तू? जन्मभर?"

केरसुणीने फळ्याकडे पाहिलं. तिला अजून दीडशे पर्याय काढायचे होते. ती खाली बसली आणि तिने नियमाप्रमाणे उत्तर दिलं, 'आपल्या अडचणीबद्दल खेद आहे. पालकाचं नाव आणि त्याने खऱ्या पट्टीवर तपासलेल्या ओळी पाठवल्यास पर्याय परत घेता येईल.'

धाकटीने स्वतःचं नाव पाठवायला सांगितलं. वहिनीने पाठवलं. उलट टपाली आलं, 'नावाबद्दल आभार. कृपया तपासलेल्या ओळी सोबत जोडाव्यात.' ओळी तपासायला वाचता यायला हवं. वाचायला मी हवा.

छापखान्याने दोन महिने थांबून काम दुसऱ्याला दिलं. व्यवस्थापक फोनवर वहिनीला म्हणाले, "ताईंना म्हणावं, खूप केलंत, आता विश्रांती घ्या." वहिनीने ते अजून तळव्यावर काढलेलं नाही.

मित्रांनो, मी कुणाला शाप देत नाही. केरसुणीने केर काढला, वहिनीने जीव लावला, मुकादमांनी नियम पाळला. यांतलं कुणीच दुष्ट नव्हतं, म्हणून तर मला कुणी वाचवलं नाही. तुम्ही काही पुसाल तेव्हा जो बोलत नाही त्याच्या दारापर्यंत एकदा जाऊन या. सूचना लावली म्हणजे विचारलं, असं समजू नका.

माझ्या चारशे बारा ओळी जुन्या साठ्यात जशाच्या तशा आहेत. मला एक नाव हवं आहे, धाकटीच्या पट्टीवर त्या ओळी तपासून देणाऱ्या पालकाचं. तुमच्यापैकी कुणी हे काम शिकत असेल, तर तुमचं चालेल. फक्त वेळ लावू नका. धाकटी एकसष्ट वर्षांची आहे, आणि रोज सकाळी अजूनही बोटं पट्टीवर ठेवून बसते.